भिंतीची जाडी

पांढऱ्या उंदराच्या फुप्फुसातील बारीक धमनीची भिंत किती जाड आहे, हे मोजण्यात माझ्या आयुष्याची पस्तीसेक वर्षे गेली. हे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग सौजन्याने विचारतो, ‘म्हणजे दम्यावर काम करता का तुम्ही?’ पूर्वी मी प्रत्येकाला नीट समजावून सांगत असे. पुढे पुढे ‘तसंच काहीसं’ म्हणून विषय बदलू लागले. विचारणाऱ्याची त्यात चूक नाही. फुप्फुस म्हटले की आपल्या मनात हवा येते, रक्त येत नाही. वास्तविक हृदयातून निघणारे सगळे रक्त, विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला साधारण पाच लिटर, या एका अवयवातून जाते. मेंदू, मूत्रपिंडे, स्नायू, आतडी या सगळ्यांना त्या प्रवाहातला आपापला वाटा मिळतो. फुप्फुसाच्या वाट्याला मात्र तो सबंध येतो.

आणि तरीही तिथला दाब अगदी थोडा असतो. दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो तो १२०/८० असेल, तर फुप्फुस धमनीतला दाब २५/१० च्या आसपास भरतो आणि त्याची सरासरी पाऱ्याच्या १४ मिलिमीटरपाशी येते. हा दाब कमी असणे भागच आहे, कारण वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा असतो. दाब चढला तर रक्तातले पाणी त्या पडद्यातून पाझरून हवेच्या जागेत उतरेल. त्यामुळे फुप्फुसातल्या धमन्यांच्या भिंती शरीरात इतरत्र असतात त्यापेक्षा कितीतरी पातळ आणि लवचीक असतात. माणूस धावू लागला आणि रक्ताचा प्रवाह तिपटी-चौपटीने वाढला, तरी त्या सैलावतात, एरवी मिटून असलेल्या वाहिन्या उघडतात आणि दाब फारसा चढू देत नाहीत. माझा सगळा विषय या पातळपणाचा आहे. तो कसा हरवतो आणि हरवलेला परत आणता येतो का, एवढाच.

या आजाराला फुप्फुस धमनीचा उच्च रक्तदाब म्हणतात. नाव फसवे आहे, कारण त्यामुळे हा आपल्या नेहमीच्या ब्लडप्रेशरचाच चुलतभाऊ असावा असे वाटते. नेहमीचे ब्लडप्रेशर माणूस वर्षानुवर्षे काही न जाणवता अंगावर बाळगतो. फुप्फुसातला दाब मात्र हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो आणि उजवी जवनिका, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, ही मुळात कमी दाबासाठी घडलेली, पातळ भिंतीची पिशवी असते. दाब वाढत गेला की ती आधी जाड होते, मग फुगते, मग थकते. जिना चढताना दम लागणे, वाकून चपलेचा पट्टा लावताना धाप लागणे, एखाद्या दिवशी चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येणे, पायांवर सूज, असे सारे टप्प्याटप्प्याने येते आणि यातले एकही लक्षण या आजाराचे स्वतःचे नाही. त्यामुळे रोग्याला, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत तरुण स्त्रियाच अधिक असत, आधी रक्त कमी आहे, वजन वाढले आहे, व्यायाम नाही, काळजी फार करता, असे सगळे सांगून होते. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात ३२ केंद्रांनी मिळून या आजाराच्या १८७ रोग्यांची नोंद ठेवली होती. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षे गेली होती आणि निदानानंतर अर्धे रोगी २.८ वर्षांच्या आत दगावले होते. मी या विषयात आले ती हे आकडे नवे असताना.

आले म्हणण्यापेक्षा ओढली गेले. मी तेव्हा वॉर्डात काम करणारी तरुण डॉक्टर होते आणि माझ्याहून एखाद-दोन वर्षांनीच लहान असलेली एक रोगी माझ्या देखरेखीखाली होती. मानेच्या शिरेतून कॅथेटर घालून तिच्या फुप्फुस धमनीतला दाब मोजला, तेव्हा सरासरी साठाच्या वर गेली होती. कागदावरची ती उंच वळणे पाहून मोजणारे आमचे वरिष्ठ काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त यंत्राची शून्य रेषा पुन्हा तपासली. संध्याकाळी तिने मला विचारले, ‘डॉक्टर, माझ्या फुप्फुसात नेमकं झालंय काय?’ मी म्हटले, ‘रक्तवाहिन्या आवळल्या आहेत.’ ‘मग सैल करायचं औषध द्या ना,’ ती म्हणाली. त्या काळी प्राणवायू, लघवीचे औषध, रक्त पातळ ठेवणारे औषध आणि थोड्याच रोग्यांना लागू पडणाऱ्या कॅल्शियमरोधक गोळ्या, एवढेच आमच्या हातात होते. तिला त्या गोळ्या लागू पडल्या नाहीत.

काही महिन्यांनी ती गेली. शवविच्छेदनानंतर विकृतिशास्त्र विभागात मी तिच्या फुप्फुसाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मी तिला दिलेले उत्तर अर्धवट होते हे मला कळले. आवळलेली नळी सैल पडू शकते. इथे तर भिंतच वाढलेली होती. मधला स्नायूंचा थर दुपटी-तिपटीने जाड झालेला, त्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पेशींचे थर चढलेले, मधोमध टाचणीच्या टोकाएवढी वाट उरलेली. आणि एके ठिकाणी धमनीला फाटा फुटतो तिथे पेशींचे एक जाळे, ज्यातून पाच-सहा वाकड्यातिकड्या फटी गेल्या होत्या. या जाळ्याला आमच्या भाषेत प्लेक्सिफॉर्म गाठ म्हणतात. तिच्यात मूळ नळी कोणती हे शोधूनही सापडेना. त्या स्लाइडची एक प्रत मी परवानगी घेऊन ठेवून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

‘आवळणे’ हा शब्द मात्र माझ्या एकटीचा नव्हता. तो त्या काळच्या शास्त्राचा होता आणि त्याला भक्कम आधार होता. १९४६ साली स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि गोरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की श्वासातला प्राणवायू कमी केला की फुप्फुसातल्या धमन्या आकुंचन पावतात. शरीरातल्या बाकीच्या धमन्या नेमके याच्या उलट वागतात. प्राणवायू कमी पडला की त्या सैलावतात. फुप्फुसाचा हा उलटा स्वभाव मोठा शहाणपणाचा आहे. जिथे हवा पोचत नाही तिथे रक्त पाठवून उपयोग काय, तेव्हा ती वाट आवळून रक्त हवेशीर भागाकडे वळवायचे. पण सगळ्याच फुप्फुसात प्राणवायू कमी असेल, तर सगळ्याच वाटा एकदम आवळल्या जातात. म्हणून अमेरिकेत उंच डोंगराळ कुरणांवर चरायला नेलेल्या गुरांच्या गळ्याखाली आणि छातीवर सूज येऊन ती मरत. १९१५ मध्ये कोलोरॅडोतल्या दोन पशुवैद्यांनी त्याचे वर्णन लिहिले आहे. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या पॉल वुड यांनी रोग्यांच्या फुप्फुस धमनीत ॲसिटिलकोलिन हे द्रव्य सोडले आणि काहींचा दाब तेवढ्यापुरता उतरला. दाब उतरतो म्हणजे आवळलेपण आहे, आवळलेपण आहे म्हणजे ते सोडवता येईल, अशी विचाराची सरळ वाट तयार झाली आणि तीवरून अनेक पिढ्या चालल्या. मीही चालले.

दाब मोजता येऊ लागला हीच मुळात विसाव्या शतकातली गोष्ट. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने मूत्रमार्गासाठी वापरायची बारीक नळी स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर आत सरकवली आणि ती तशीच ठेवून, पायऱ्या उतरून, क्ष-किरण विभागात जाऊन तिचे टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. त्याबद्दल त्याचे कौतुक झाले नाही. झाली ती अडवणूकच. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी पुढे त्या युक्तीचे शास्त्र केले आणि १९५६ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कोणीतरी डोळे चमकवत असा एखादा प्रयोग स्वतःवर करून बघण्याची भाषा करते. तेव्हा संशोधनासाठी नैतिक समितीची परवानगी कशी मिळवायची, या कंटाळवाण्या विषयाकडे मी ताबडतोब वळते.

माझ्या प्रयोगशाळेतले आयुष्य यापेक्षा फारच सपक होते. तागाच्या जातकुळीत क्रोटलारिया स्पेक्टॅबिलिस नावाची एक वनस्पती आहे. तिच्यातले मोनोक्रोटॅलिन हे विष उंदराला एकदा टोचले, की यकृतात त्याचे रूप बदलते, ते रूप रक्तातून फुप्फुसात पोचते आणि तीन-चार आठवड्यांत तिथल्या धमन्यांच्या भिंती जाड होऊ लागतात. मग उंदराला भूल देऊन दाब मोजायचा, हृदय काढायचे, बारीक कात्रीने उजव्या जवनिकेची भिंत कडेकडेने कापून वेगळी करायची, टिपकागदावर अलगद कोरडी करायची आणि तिचे वजन डाव्या जवनिकेच्या आणि मधल्या पडद्याच्या वजनाने भागायचे. निरोगी उंदरात हे उत्तर पावाच्या जवळपास येते. आजारी उंदरात अर्ध्याच्याही वर जाते. या एका भागाकारावर आमच्या विषयातले कितीतरी शोधनिबंध उभे आहेत. तराजूच्या काट्यापेक्षा कात्री महत्त्वाची असते: पडद्याचा एवढासा तुकडा उजव्या बाजूला राहिला, की औषध निकामी ठरते आणि डाव्या बाजूला गेला की गुणकारी.

भिंतीची जाडी मोजणे याहून नाजूक. फुप्फुसाचा पातळ काप घेऊन त्याला असा रंग द्यायचा, की स्थितिस्थापक तंतू काळे दिसावेत. धमनीच्या स्नायूथराच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन काळ्या रेषा उमटतात. त्यांच्यामधले अंतर म्हणजे भिंतीची जाडी. अगदी बारीक धमन्यांत निरोगी अवस्थेत स्नायूच नसतो, त्यामुळे तिथे एकच रेषा दिसते. आजारी फुप्फुसात एक रेषा हवी तिथे दोन दिसू लागतात आणि त्यांच्यामध्ये स्नायू शिरलेला असतो. दोन रेषांमधल्या त्या जागेत मी किती संध्याकाळी घालवल्या याचा हिशेब नाही. डोळा नळीला लावून बसले की बाहेरचे आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे वाटत.

तिथेच माझी सर्वांत मोठी फजिती झाली. एका औषधाने भिंतींची जाडी कमी होते असे मला आढळले होते. फरक स्पष्ट होता, उंदीर पुरेसे होते, आलेख देखणा होता. लेख जवळजवळ लिहून झाला होता. माझे मार्गदर्शक सर फार कमी बोलत. त्यांनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, ‘फॉर्मलिनची बाटली कुठे ठेवली होती?’ फुप्फुसाचा काप घेण्याआधी ते श्वासनलिकेतून फॉर्मलिन भरून फुगवावे लागते. नाहीतर ते मिटते, धमन्याही मिटतात आणि मिटलेल्या धमनीची भिंत जाड दिसते. ही बाटली ठरावीक उंचीवर ठेवायची असते, म्हणजे प्रत्येक फुप्फुस सारख्याच दाबाने फुगते. मी वही उघडून पाहिली. ज्या दिवशी औषध दिलेल्या उंदरांचे काम केले, त्या दिवशी नेहमीचा स्टँड दुसऱ्या कोणी नेला होता आणि मी बाटली वरच्या फळीवर ठेवली होती. मी ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले होते, फक्त त्याचा अर्थ काय होतो हे लक्षात घेतले नव्हते. औषध न दिलेल्या उंदरांची फुप्फुसे कमी फुगली होती, औषध दिलेल्यांची जास्त. मी जे औषध म्हणून मोजले ती फळीची उंची होती. सगळा प्रयोग पुन्हा केला, या वेळी बाटली एका जागी आणि स्लाइडवर नावाऐवजी कोणीतरी दुसऱ्याने घातलेले क्रमांक. फरक नाहीसा झाला. सर म्हणाले, ‘बरं झालं, आत्ताच कळलं,’ आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीच तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याजवळ काढते.

अशा चुका नेहमी नुकसानच करतात असे मात्र नाही. रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या अनेक वर्षे ॲसिटिलकोलिनने आकुंचन पावत असत, जेव्हा जिवंत प्राण्यात तेच द्रव्य धमन्या सैलावते. १९७८ साली एका तंत्रज्ञाने दिलेल्या सूचनांपेक्षा वेगळ्या क्रमाने काम केले आणि धमनीचा तुकडा सैलावला. शोध घेता घेता लक्षात आले, की पट्टी कापताना आतला पेशींचा एकेरी थर बोट किंवा हत्यार लागून खरवडला जात होता. तो थर शाबूत असला तर धमनी सैलावते, नसला तर आवळते. म्हणजे सैलावण्याचा निरोप त्या आतल्या अस्तराकडून येतो. १९८० साली हे प्रसिद्ध झाले. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना मिळाले. हा शोध वाचल्यावर मी स्वतः उंदराच्या फुप्फुस धमनीची दोन मिलिमीटरची कडी तारेवर ताणून तो प्रयोग केला. एका कडीतून बारीक तार हलकेच फिरवून अस्तर काढले, दुसरीला हात लावला नाही. दोन्हींवर तेच द्रव्य टाकले. अस्तर शाबूत असलेल्या कडीचा ताण नोंदणाऱ्या लेखणीची रेषा खाली आली, दुसरीची वर गेली. दुसऱ्याने लावलेला, सगळ्या जगाला ठाऊक झालेला शोध; तरीही ती रेषा खाली येताना माझे हात थरथरत होते.

त्या एकेरी अस्तराभोवती पुढची वीस वर्षे फिरली. १९७६ साली जॉन व्हेन यांच्या गटाने शोधलेले प्रोस्टासायक्लिन हे त्याच अस्तराचे रसायन. १९८८ साली जपानमध्ये मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी शोधलेले, धमन्या प्रचंड आवळणारे एन्डोथेलिन हेही त्याच अस्तराचे. आजारी फुप्फुसात सैलावणारी रसायने कमी आणि आवळणारे जास्त, हे स्पष्ट झाले आणि मग औषधांना दिशा मिळाली. प्रोस्टासायक्लिनचे औषध रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून छातीतून मोठ्या शिरेत कायमची नळी बसवून ते एका छोट्या पंपाने अहोरात्र सोडावे लागते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ रोगी होते. १२ आठवड्यांत आठ जण दगावले आणि ते आठही हे औषध न मिळालेल्या गटातले होते. आमच्या विषयात कोणत्याही औषधाने आयुष्य वाढते असे नीट दिसलेली ती पहिली चाचणी.

हे औषध घेणारी एक बाई पुढे अनेक वर्षे आमच्या दवाखान्यात येत असे. पंप कमरेच्या पिशवीत, सोबत बर्फाच्या लाद्या, कारण सुरुवातीचे औषध थंडच ठेवावे लागे. रोज ठरल्या वेळी ती हात धुऊन, मेज पुसून, भुकटीत द्रावण मिसळून नवी कुपी तयार करी. नळी बंद पडली तर हाताशी किती मिनिटे आहेत हे तिच्या घरातल्या शाळकरी मुलालासुद्धा पाठ होते. एकदा तिने मला विचारले, ‘तुम्ही उंदरांना पण असा पंप लावता का हो?’ मी हो म्हटले. ‘बिचारे,’ ती म्हणाली आणि स्वतःच्या पिशवीची चेन लावून घेतली.

नंतर गोळ्या आल्या. एन्डोथेलिनचा मार्ग अडवणारे बोसेन्टान २००१ साली. आणि छातीदुखीसाठी शोधलेले, भलत्याच कारणासाठी व्हायग्रा या नावाने जगप्रसिद्ध झालेले सिल्डेनाफिल या आजारासाठी २००५ साली. रोगी अधिक जगू लागले, अधिक चालू लागले. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो हे आमच्याकडचे सर्वांत मान्य मापन आहे. करोडोंची औषधे एका लांब, सरळ वऱ्हांड्यात, जमिनीवर खुणा करून पारखली जातात. पण ही सगळी औषधे त्या जुन्याच शब्दाची होती. ती आवळलेली भिंत सैल करीत. वाढलेली भिंत मागे घेत नसत.

उंदरात मात्र ती मागे जाताना आम्ही वारंवार पाहिली. मोनोक्रोटॅलिनचा आजार बरा करणारी द्रव्ये जगभर ढिगाने सापडली. त्यांतली दोन माझीही आहेत. माणसांत त्यांपैकी फारच थोडी उपयोगी पडली, माझी एकही नाही. याचे एक कारण आम्हांला ठाऊक होते आणि आम्ही ते लेखाच्या शेवटी एका वाक्यात उरकत असू: मोनोक्रोटॅलिनच्या उंदरात स्नायूथर जाड होतो, पण माणसातली ती प्लेक्सिफॉर्म गाठ सहसा तयारच होत नाही. आम्ही आजाराचा सुरुवातीचा भाग बरा करीत होतो आणि रोगी आमच्याकडे येत शेवटच्या भागात.

भिंत वाढते तरी का, याचा पहिला नेमका धागा २००० साली हाती आला. ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना एकाच जनुकात दोष सापडला. त्याचे नाव बीएमपीआर-२, दुसऱ्या गुणसूत्रावरचे. हाडांच्या वाढीच्या संदर्भात प्रथम माहीत झालेल्या एका प्रथिन-कुटुंबाचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा हा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. तो नीट काम करतो तेव्हा धमनीतल्या पेशींना ‘आता पुरे’ असा निरोप मिळतो. तो अधू झाला की वाढा म्हणणारे निरोप वरचढ ठरतात. मी तो लेख उभ्याउभ्याच वाचला. त्यात आवळण्याचा उल्लेख जवळजवळ नव्हता. मला माझी स्लाइड आठवली.

पण जनुकाचे कोडेही सरळ नाही. सदोष जनुक असलेल्यांपैकी बहुतेकांना आजार होतच नाही. होतो तो साधारण पाचांतल्या एकाला, आणि स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे आणखी काहीतरी घडावे लागते. ते काय असू शकते याचा एक भयंकर नमुना १९६० च्या दशकात पाहायला मिळाला होता. भूक मारणारे ॲमिनोरेक्स नावाचे औषध १९६५ नंतर स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियात विकले गेले आणि एकाएकी तिथल्या डॉक्टरांना फुप्फुस धमनीच्या उच्च दाबाचे रोगी दिसू लागले. १९६८ मध्ये ते बाजारातून गेले, तशी ती लाटही ओसरली. औषध घेणाऱ्यांपैकी फार थोडे आजारी पडले. बाकीच्यांना काहीही झाले नाही. ते कोण होते आणि हे कोण होते, याचे उत्तर त्यांच्या भिंतींत होते आणि ते पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

त्या लाटेमुळेच १९७३ साली जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक घेतली आणि आजार कशाला म्हणायचे याची रेषा ठरली: विश्रांतीच्या वेळी सरासरी दाब २५ च्या वर. ती रेषा पंचेचाळीस वर्षे टिकली. मी शेकडो रोग्यांना तिच्या अलीकडे किंवा पलीकडे बसवले असेल. वस्तुतः निरोगी माणसांची मोजमापे एकत्र केली तर सरासरी १४ येते आणि २० च्या वर फारसे कोणी जात नाही; म्हणजे २१ ते २४ च्या मधले लोक निरोगीही नव्हते आणि आमच्या नोंदीत रोगीही नव्हते. २०१८ च्या जागतिक परिषदेत ती रेषा २० वर आणली गेली. एका ठरावाने कितीतरी माणसे आजारी ठरली, असे माझा एक सहकारी हसत म्हणाला. मला हसू आले नाही. ‘तुम्हांला तसे काही नाही’ असे मी ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले काही चेहरे मला आठवत होते.

२०२३ साली सोटाटरसेप्टच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हे औषध आधी हाडांच्या झिजेसाठी आणि रक्तक्षयासाठी तपासले जात होते. बीएमपीआर-२ अधू झाल्यावर वाढीचे जे निरोप वरचढ होतात, ते देणारी ॲक्टिव्हिनसारखी प्रथिने हे वाटेतच पकडते आणि बिघडलेला तोल सावरू पाहते. चाचणीत ३२३ रोगी होते. आधीची औषधे चालू असतानाच दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन, आणि २४ आठवड्यांनी सहा मिनिटांच्या चालण्यात सुमारे ४० मीटरचा फरक. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नाकातून रक्त येणे, हिमोग्लोबिन वाढणे अशा तक्रारी त्यालाही आहेत, आणि माणसाच्या फुप्फुसातली भिंत त्याने खरोखर किती मागे जाते, हे काप घेऊन पाहण्याची सोय जिवंत माणसात नाही. तरी सैल करण्यापेक्षा वाढ रोखण्यावर बेतलेले या आजाराचे हे पहिलेच मान्य औषध. त्याच्या शोधात माझा वाटा शून्य आहे. निकाल वाचला त्या दिवशी मात्र मी संध्याकाळी काम केले नाही.

आता मोजणीचे काम संगणक करतो. एक शोधविद्यार्थी आमच्या जुन्या स्लाइड स्कॅन करतो आहे. जे मोजायला मला चार महिने लागत, ते त्याची प्रणाली दुपारच्या आत उरकते. फक्त सुरुवातीला तिला शिकवावे लागते. काही धमन्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या रेषा माणसाने हाताने काढून दाखवायच्या, मग ती बाकीच्या आपण होऊन शोधते. गेल्या महिन्यात त्याने विचारले, ‘मॅडम, माणसाच्या फुप्फुसाची एखादी स्लाइड आहे का?’ मी ती पेटीतून काढून दिली.

गुलाबी रंग जवळजवळ उडून गेला होता, पण काळ्या रेषा शाबूत होत्या. पडद्यावर मोठे केलेले ते चित्र मी इतक्या वर्षांनी पाहत होते. मी एकेक धमनी रेखाटत गेले, आत एक वळसा, बाहेर एक वळसा, आणि तो शेजारी बसून क्रमांक टाकत होता. मग फाट्यापाशी ती गाठ आली. आतली रेषा तुटली होती, बाहेरची कुठे गेली ते दिसत नव्हते. मी कर्सर तसाच धरून थांबले.

‘ही सोडायची ना?’ त्याने विचारले. ‘तुमच्या जुन्या नियमावलीत लिहिलंय, दोन्ही रेषा स्पष्ट नसतील ती धमनी मोजणीत घेऊ नये.’

नियमावली माझ्याच अक्षरात होती. पस्तीस वर्षे आम्ही तशाच सगळ्या धमन्या वगळत आलो होतो. ‘वगळू नकोस,’ मी म्हटले. ‘हिच्यासाठी वेगळा रकाना कर.’ त्याने रकान्याला नाव काय देऊ म्हणून विचारले, तेव्हा मला लगेच काही सुचेना, म्हणून त्याने सध्यापुरती ती चौकट रिकामी ठेवली आणि पुढच्या धमनीवर आला.